हाताला लागला होता

गोदामावशी गेली, ही बातमी मला एका दूधवाल्याने सांगितली. सकाळी टेंभी नाक्यावरून घरी परतत होतो. विठ्ठलवाडीचा हा माणूस रिकाम्या चरव्या घेऊन समोर आला आणि म्हणाला, तुमची विलायती मावशी काल दुपारी गेली, आम्हीच चौघांनी नेली, तुम्हाला कळलं असेलच. मला कळलं नव्हतं. माझे दोन मामेभाऊ कल्याणहून रोज गाडीने ठाण्याला येतात, मी ज्या मालधक्क्याच्या कचेरीत कारकून आहे तिच्या खिडकीखालून जातात. त्या दिवशीही गेले असतील. मयताची बातमी सांगायची म्हणजे चार शब्द बोलावे लागतात, शिवाय ऐकणारा खर्चाला हातभार लावील की नाही याचा भरवसा नसतो... म्हणून राहिलं असेल.

तेराव्याला मात्र कुणी राहिलं नाही. जो मामा गेली पाच-सहा वर्षं आपल्या सख्ख्या बहिणीला ओसरीच्या वर येऊ देत नव्हता, त्याच्याच घरी पंगत बसली, आणि तोच दुसऱ्यांदा वरण वाढून घेताना म्हणाला की आमची गोदा म्हणजे साक्षात देवी होती. सगळ्यांनी माना हलवल्या. देवी म्हणायला काही लागत नाही. जिवंतपणी घोटभर पाणी द्यायला मात्र घरातला तांब्या लागतो. या वृत्तपत्राच्या संपादकांनीही मला बजावलं आहे की गेलेल्या माणसाविषयी गोड लिहावं. मावशीला गोड आवडत नसे. तिने आयुष्यभर लोकांना तुच्छ मानलं, तोंडावर मानलं, आणि मला आता असं वाटू लागलं आहे की बहुतेक वेळा तिचा अंदाज बरोबर होता.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. नवव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी विधवा, मूलबाळ नाही. सासरच्यांनी कल्याणला आणून सोडली आणि मामाने तिला जात्यावर बसवली. पुढे रेल्वेच्या बंगल्यात आयेचं काम मिळालं. साहेबाचं नाव पार्किन, पुलांच्या कामावरचा माणूस. त्याची दोन मुलं, नेली नावाची सहा वर्षांची मुलगी आणि एक तान्हा. पार्किनला दक्षिण अमेरिकेतल्या एका रेल्वेत मोठी जागा मिळाली तेव्हा मडमेने हट्ट धरला की आया बरोबर हवी. मामाने नाही म्हटलं. साहेबाचं अन्न खाऊन समुद्र ओलांडलेल्या बाईला परत घरात कोण घेणार, असं त्याचं म्हणणं. मावशी म्हणाली, जात्यावर बसून मरण्यापेक्षा जहाजात बसून मरेन. बोटीवर तिला पोचवायला कुणी गेलं नाही. माझी आई जाणार होती, पण वडिलांनी परवानगी दिली नाही. मी तेव्हा मॅट्रिकचा अभ्यास करत होतो, आणि मला वाटतं, मला तिची थोडी लाजच वाटत होती.

त्या शहराचं नाव ब्युनोस आयरिस. मावशी बोनोसारी म्हणायची, जणू वसईच्या पलीकडचं एखादं गाव. तिथे सगळंच उलटं. श्रावणात हुडहुडी भरते, संक्रांतीला अंगाची काहिली होते. लोक पालापाचोळ्याचा कडू काढा नळीने ओढतात आणि एकच नळी चौघांत फिरवतात. सोवळ्याओवळ्याचा एवढा बाजार उठलेला तिने पहिल्यांदाच पाहिला, आणि तिचं म्हणणं, एकही माणूस त्यामुळे आजारी पडलेला दिसला नाही. पण सगळ्यात उलटं म्हणजे साहेब लोक. कल्याणात जे साहेब घोड्यावरून उतरायला पाठीचा आधार मागत, ते तिथे अर्ध्या चड्ड्या घालून चिखलात एका कातडी चेंडूमागे धावत होते. आणि नुसते धावत नव्हते. त्या वर्षी त्यांनी त्याची रीतसर मालिका लावली होती. पाच संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, जिंकणाऱ्याला दोन गुण, बरोबरी झाली तर दोघांना एकेक, आणि हिवाळा संपता संपता ज्याचे गुण जास्त तो त्या देशाचा विजेता. देश म्हणजे कोण, तर हेच पन्नास-साठ गोरे, रेल्वेतले, शाळांतले, पेढ्यांतले. तिथले मूळ लोक घोडे थांबवून बघत आणि डोक्याशी बोट फिरवत पुढे जात.

पार्किन त्यातल्या एका संघात होता. मडमेला थंडी सोसत नसे, म्हणून दर सामन्याला मुलांना घेऊन मैदानाच्या कडेला उभं राहायचं काम मावशीकडे आलं. लुगडं, वरून मडमेचा जुना लोकरी कोट, कडेवर तान्हा. पहिले दोन सामने तिला नुसती हाणामारी वाटली. तिसऱ्या सामन्यापासून तिला खेळ दिसू लागला. लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत तिने मक्याचे दाणे मांडले, एका संघाची एक ओळ, एका गुणाचा एक दाणा. नेलीने मोजायचं, मावशीने मांडायचं. खेळणाऱ्यांविषयी तिची मतं ऐकण्यासारखी होती. अमका पळतो चांगला पण कुठे जायचं ते त्याला ठाऊक नसतं. तमका पडला की आधी बघतो, कोण पाहतंय. आणि पार्किन? त्याला चेंडू दिसला की आपले बाकीचे दहा जण दिसत नसत. सोमवारी त्याचा चिखलाने कडक झालेला सदरा धुताना ती नेलीला सांगे, सगळ्यात जास्त मळलेला माणूस सगळ्यात जास्त खेळलेला असतो असं समजू नये.

हंगाम संपला तेव्हा खिडकीतल्या दोन ओळी सारख्या भरल्या. एक ओळ पार्किनच्या संघाची. साहेबांनी सभा भरवून ठरवलं की दोघेही विजेते. मावशी म्हणाली, एका नवरीला दोन नवरे. एवढे शिकलेले लोक, सहा महिने चिखलात लोळले, आणि शेवटी एवढाही निकाल लावता आला नाही. पण पदकं एकाच संघापुरती होती, म्हणून त्यांच्यासाठी आणखी एक सामना ठेवला. तो मावशीने गोलाच्या खांबाच्या अगदी मागे उभं राहून पाहिला. गोल दोन्हीकडे सारखे असताना गर्दीत एक चेंडू उंच आला, पार्किन उडी मारून वर गेला, आणि त्याने डाव्या मनगटाने तो आत ढकलला. पंचाच्या आणि त्याच्या मध्ये चार माणसं होती. मावशीच्या आणि त्याच्या मध्ये कुणी नव्हतं. पदकं पार्किनच्या संघाला मिळाली.

पुढच्या रविवारी बंगल्यावर चहाला पाच-सहा साहेब आले होते. पदक टेबलावर मांडलेलं. पार्किन तो गोल तिसऱ्यांदा सांगत असताना नेली मध्येच म्हणाली की आया म्हणते पप्पांनी हात लावला. सगळे हसले. पार्किनने हसत हसत मावशीला आत बोलावलं. हे सांगताना मावशी दर वेळी थांबायची... तिचं म्हणणं, तो मनाने वाईट नव्हता, त्याला खात्री होती की आया नाही म्हणेल, आणि आणखी एकदा हसून विषय संपेल. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, तू काय पाहिलंस ते सांग. मावशीने तान्ह्याला खाली ठेवलं, आपलं डावं मनगट वर करून दाखवलं आणि म्हणाली, "हाथ को लगा, साहेब."

कुणी हसलं नाही. एका साहेबाने कप खाली ठेवला आणि टोपी शोधू लागला. आठवड्याभरात मडमेने सांगितलं की आता इथलीच एक बाई ठेवली आहे. परतीच्या बोटीचं नाव कुणी काढलं नाही. अर्धी पृथ्वी ओलांडून नेलेली बाई त्यांनी एका पेटीसकट रस्त्यावर ठेवली आणि दार लावून घेतलं. नेली वरच्या खिडकीतून रडत होती, एवढंच मावशीला त्या घराविषयी वाईट वाटायचं. भाषा येत नाही, ओळख नाही, आणि सरत्या हिवाळ्याची हाडं फोडणारी थंडी. एका आयरिश विधवेच्या खानावळीत तिला धुण्याचं काम मिळालं. तिथे राहणारे तरुण त्याच हरलेल्या संघातले. मावशी त्यांचेही सदरे धुऊ लागली. त्यांच्यापैकी एकाने तिला विचारलं की त्या दिवशी हात लागला होता हे खरं का. तिने हो म्हटलं. तो म्हणाला, आता काय उपयोग. मावशीच्या लेखी तो पार्किनपेक्षाही वाया गेलेला माणूस. पुढच्या वर्षी तर सामनेच भरले नाहीत. एवढा थाट केला आणि सोडून दिला, म्हणायची, गोऱ्यांना आरंभ करायला फार येतो.

दोन-अडीच वर्षांनी मुंबईला येणाऱ्या एका कुटुंबाबरोबर मूल सांभाळत ती परतली. कल्याणला उतरून सरळ मामाच्या दारात आली. जातीतली चार मोठी माणसं तिथे आधीच बसली होती. त्यांनी सांगितलं, डोकं उतरव, गोमूत्र पी आणि जातीला जेवण घाल, मग घरात घेऊ. मावशीने विचारलं की यातल्या कुठल्या गोष्टीवाचून अडलं आहे, आणि त्यांचं उत्तर येण्याआधीच म्हणाली, जेवायचंच असेल तर जेवायला येतो असं सरळ सांगा, माझे केस कशाला मध्ये आणता. ती ओसरीवरूनच परत फिरली. विठ्ठलवाडीला एक खोली घेतली आणि रेल्वेच्या चाळींतून बाळंतपणाची कामं करू लागली. तिकडच्या भाषेतला एक शब्द तिने आठवणीने आणला होता. तिकडे लोको म्हणजे वेडा. आमच्या कल्याणात इंजिनांच्या शेडला लोको म्हणतात, आणि कुणी छाती काढून सांगितलं की मी लोकोत आहे, तर मावशी फार मनापासून म्हणायची, दिसतंच आहे.

मी तेव्हा कल्याणच्या मालकचेरीत उमेदवारी करत होतो आणि संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायचो. खेळाचे सगळे नियम मला तिने शिकवले, जमिनीवर दाणे मांडून. तोच तिचा हंगाम मी इतक्यांदा ऐकला की कुठल्या सामन्यात कोण लंगडत होतं तेही मला पाठ झालं. याचा मला अनपेक्षित फायदा झाला. आमच्या मुख्य साहेबाला फुटबॉलचं वेड होतं. एकदा तो कुणाशी तरी नियमावरून वाद घालत होता, मी फायली घेऊन उभा होतो, आणि मी भीत भीत बरोबर उत्तर दिलं. त्या दिवसापासून साहेब मला नावाने हाक मारू लागला. ठाण्याच्या कचेरीत कायमची जागा रिकामी होणार होती. साहेबाने सूचित केलं की ती मला मिळू शकेल. मी मावशीला सांगितलं तेव्हा ती खूश झाली, आणि ती खूश झालेली मी फारशी पाहिली नव्हती.

त्याच हिवाळ्यात रेल्वेच्या साहेबांचा आणि ठाण्याच्या तरुणांचा सामना ठरला. कल्याणच्या लोको शेडमागच्या मोकळ्या जागेत. ठाण्याच्या संघाचे पुढारी नेने नावाचे एक तरुण शिक्षक, बाकी कारकून आणि वरच्या वर्गातले विद्यार्थी, बहुतेक अनवाणी, धोतरं वर खोचलेली. मधला पंच एक गोरा गार्ड. गोलाच्या बाजूच्या रेषेवर निशाण घेऊन मी, साहेबाच्या हुकमाने. मावशी सकाळपासून येऊन खांबाच्या मागे, माझ्यापासून दहा हातांवर उभी होती. अनवाणी पोरांनी साहेबांना एक गोल होऊ दिला आणि एक परत केला. शेवटची काही मिनिटं उरली असताना चेंडू उंच आला, आमचा साहेब वर उडाला आणि त्याचा हात चेंडूला लागला. नुसता लागला नाही, त्याने ढकलला. नेने ओरडले. गार्डाला दिसलं नव्हतं, तो माझ्याकडे वळला आणि विचारलं, काय पाहिलंस. साहेब माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, अगदी सहज, आपला माणूस आहे अशा विश्वासाने.

मी म्हटलं, गोल आहे.

नेने माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही तर अगदी समोर होता." मी गवताकडे पाहत राहिलो. मान वर केली तेव्हा खांबामागे मावशी नव्हती.

संध्याकाळी मी विठ्ठलवाडीला गेलो. ती चुलीपुढे बसून बोंबील भाजत होती. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. गार्डाची चूक, ऊन डोळ्यांवर येत होतं, असल्या गोष्टी. शेवटी मी म्हटलं, मावशी, माझ्या नोकरीचा प्रश्न होता.

"माझी गेली होती," ती म्हणाली. "मी मेले का?"

तिने बोंबील उलटला आणि म्हणाली, "पार्किनला निदान पदक तरी हवं होतं. तुझं काय होतं रे त्यात?"

ते तिने मला म्हटलेलं शेवटचं तू. पुढच्या महिन्यात मला ठाण्याची जागा मिळाली. मी पेढे घेऊन गेलो तेव्हा ती म्हणाली, "या, बसा. तुम्ही चहा घेणार का?" मला वाटलं चेष्टा करते आहे. चेष्टा नव्हती. तीन वर्षं तिने मला अहो-जाहो केलं. दारात आलेल्या तलाठ्याशी, दवाखान्यातल्या डॉक्टरशी, मामाशीसुद्धा ती अरेतुरेत बोलायची. मान फक्त मला. माझी आई भोळी, ती कौतुकाने सांगायची, भाचा शिकला म्हणून गोदा बघा कशी त्याला मान देते. मी ऐकून घेत असे. एकदा मी तिला म्हटलं की मावशी, मला तू म्हण ना. ती म्हणाली, तू आपल्या माणसाला म्हणतात. एवढं बोलून तिने मला पुन्हा विचारलं, तुम्ही जेवून जाणार का. मी जेवून आलो. माझ्यासारख्या माणसाचं हेच असतं, अपमानानंतरही भूक लागते.

शेवटची भेट पौषातली. ताप होता, पण उठून बसली होती. मी औषध दिलं, पाणी दिलं. तिने सगळं निमूट घेतलं, परक्याच्या हातचं घ्यावं तसं. मग विचारलं, "सांगितलंत का कुणाला?" काय ते तिने म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. मी म्हटलं, नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघताच म्हणाली, "निघा आता, गाडी चुकेल तुमची." गाडीला अजून अवकाश होता. मी स्टेशनावर जाऊन बसून राहिलो... पंधरा दिवसांनी तो दूधवाला भेटला.

म्हणून इथे लिहितो. त्या दिवशीचा तो गोल नव्हता. चेंडू साहेबाच्या हाताला लागला होता, त्याने ढकलला होता, आणि मी ते दहा हातांवरून स्पष्ट पाहिलं होतं. नेने मास्तरांचा संघ हरला नव्हता. त्यांना हे आता कळून काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांत मला बसायचं नाही. साहेबाला मराठी येत नाही. पण आमच्या हेडक्लार्कला उत्तम येतं, आणि माझ्या जागेवर त्याचा जावई बरेच दिवस डोळा ठेवून आहे, तेव्हा हा अंक निघाल्यावर सोमवारपर्यंत भाषांतर साहेबाच्या टेबलावर असेल. संपादक म्हणाले, टोपणनाव घाला. मी माझं खरं नावच दिलं आहे. यात शौर्य काही नाही. शौर्य दाखवायची वेळ तीन वर्षांपूर्वी होती, तेव्हा ते माझ्याकडे नव्हतं. हे नुसतं उशिरा सांगितलेलं खरं आहे, आणि मावशी असती तर तिने याचीही फारशी किंमत केली नसती.

गेल्या रविवारी तिची खोली मालकाला परत करायला विठ्ठलवाडीला गेलो. मामा आधीच येऊन तांब्याचा हंडा घेऊन गेला होता. हंड्याचा त्याला विटाळ झाला नाही. राहिलेलं सामान एका गाठोड्यात बसलं. मावशी दुपारभर त्या खोलीच्या उंबऱ्यात बसायची, एका चौकटीला पाठ, दुसरीला पाय, मांडीवर तांदूळ पाखडायचं सूप. आत जाणाऱ्याने अंग चोरून, आडवं होऊन तिला ओलांडायचं. कुणासाठी म्हणून ती पाय आखडायची नाही, गावच्या पाटलासाठीही नाही. त्या दिवशी दार सताड उघडं होतं, उंबरा रिकामा. तरी मी पाठ चौकटीला घासत, पाय उंच उचलून आडवाच आत गेलो. गाठोडं काखेत मारून निघालो तेव्हा अंगणात उभा असलेला मालक हसत म्हणाला, अहो सरळ या की, दार चांगलं रुंद आहे. मी आडवाच बाहेर आलो.